निरीक्षण, अनुमान, निष्कर्ष: प्रकल्प अहवालात कुठला शब्द कुठे?

प्रश्न: कोल्हापुरात स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाचा प्रकल्प पंचगंगेच्या पूरपातळीवर आहे. कॉलेजचा अहवाल इंग्रजीत झाला, आता ग्रामपंचायतीसाठी मराठी प्रत करतोय. नोंदी, कारणं, सूचना सगळं 'निष्कर्ष' या एकाच प्रकरणात घातलंय. गाइड सर म्हणतात, वेगळं करा. निरीक्षण, अनुमान आणि निष्कर्ष यांत नेमका फरक काय?

उत्तर: सरांचं ऐका. जे मोजलं किंवा पाहिलं, तेवढंच निरीक्षण. 'राजाराम बंधाऱ्यावर सकाळी 8 वाजता पातळी 39 फूट' हे निरीक्षण झालं. 'पाणी झपाट्याने वाढलं' हे नव्हे. दोन वेळच्या पातळ्या शेजारी शेजारी लिहा, झपाटा वाचणाऱ्याला आपोआप कळेल.

'राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्यामुळे पातळी वाढली' हे अनुमान, म्हणजे नोंदींवरून तुम्ही लावलेलं कारण. इथेच बहुतेक अहवाल घसरतात. राधानगरीचं पाणी भोगावतीतून येतं, पण पंचगंगेत कासारी, कुंभी आणि तुळशीचंही पाणी असतं. त्या खोऱ्यांत त्या दिवशी किती पाऊस पडला हे तपासल्याशिवाय 'मुळे' लिहू नका. 'दरवाजे उघडल्यानंतर पातळी वाढली' एवढंच लिहा. 'नंतर' आणि 'मुळे' यांत फार मोठं अंतर आहे, आणि पूरग्रस्त गावात तो कागद वाचला जाणार असेल तर ते पाळायलाच हवं.

निष्कर्ष म्हणजे तुमच्या उद्दिष्टाला मिळालेलं उत्तर. उद्दिष्टात जे विचारलंच नाही, ते तिथे नको. 'जनावरं आधी हलवावीत' ही शिफारस, तिला वेगळं प्रकरण द्या आणि कोणी हलवावीत तेही लिहा.

प्रश्न: खूप आभार सर. इशारा पातळी, धोका पातळी, पूररेषा हे शब्द आलटूनपालटून वापरले तर चालतील?

उत्तर: अजिबात नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. या दोन्ही त्या एका ठिकाणच्या उंच्या. पूररेषा ही नकाशावरची रेघ: निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'पाण्याने पूररेषा 43 फुटांवर ओलांडली' असं वाक्य लिहिलंत तर जाणकार माणूस पुढचं पान उलटणार नाही.

आणखी एक. 'गृहीत धरण्यात आले' असं लिहून मोकळे होऊ नका. 'आम्ही गृहीत धरलं, कारण...' असं लिहा. गृहीतक तुमचं आहे, त्याची जबाबदारी वाक्यात दिसू दे.

प्रश्न: बंधाऱ्याच्या 'बरग्यां'ना दुसरा भारदस्त शब्द शोधू का?

उत्तर: नको. ग्रामपंचायतीत सगळे बरगेच म्हणतात. पहिल्यांदा येईल तिथे 'बंधाऱ्याच्या गाळ्यांत पाणी अडवण्यासाठी बसवायच्या फळ्या' असा खुलासा करा आणि शेवटपर्यंत तोच शब्द ठेवा.