सोलापुरात राहून जर्मन सेडान घ्यावी का? वर्कशॉप अडीचशे किलोमीटरवर आहे

शिवणकाम_एमआयडीसी

नमस्कार मंडळी. आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. घर होटगी रोडला. आत्ताच्या सेडानचं इंजिन ठणठणीत आहे, पण मे महिन्यात पारा ४३ च्या वर गेला की एसी हात टेकतो. मिस्टर म्हणाले, आता घ्यायचीच तर एकदाच चांगली घेऊ. ऑन-रोड (टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून) सत्तर लाखांच्या आत.

गाडी मीच चालवते. रोज घर ते कारखाना, महिन्यातून एखाद-दोनदा पुणे, कधी कापडासाठी इचलकरंजी. मागच्या सीटवर बहुतेक वेळा सासूबाई असतात. वय ७८, दोन्ही गुडघे बदललेले. एसयूव्हीत त्यांना पाय उचलून चढता येत नाही म्हणून सेडानच हवी आहे, कृपया 'एसयूव्ही का नको' यावर चर्चा नको.

यादीत तीन आहेत: मर्सिडीज सी २००, बीएमडब्ल्यू ३ सिरीजची लांब व्हीलबेसवाली (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली), आणि टोयोटा कॅम्री हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी).

तिन्ही गाड्यांत सासूबाईंना बसवून पाहिलं. सी-क्लासमध्ये बसल्या झोकात, उतरताना मात्र एक हात दाराच्या कडेला, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि वर सेल्समनसमोरच, "अगं ही गाडी आहे का पाट?" तीन सिरीजमध्ये पाय पसरायला जागा भरपूर (व्हीलबेस २९६१ मिमी, सी-क्लासचा २८६५), पण सीट तशीच खाली. कॅम्रीतून कुणाचा हात न धरता उतरल्या. मुलाचं म्हणणं, एवढे पैसे घालून टोयोटाच घ्यायची तर मग लक्झरी कशाला म्हणायचं.

माझी खरी अडचण सर्व्हिसची आहे. पुण्यातल्या एका शोरूममध्ये (नाव घेत नाही) पहिलाच प्रश्न आला, "सर कधी येणार आहेत?" म्हटलं सर कारखान्यात आहेत, चेक मी लिहिते. मग कॉफी दोनदा आली. पण सोलापूरहून सर्व्हिसचं काय करायचं हे विचारलं की उत्तर एकच, "मॅडम, ती काळजीच करू नका, आमचा माणूस येतो." कोण माणूस, कितीला, वाटेत गाडी घासली तर भरणार कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचा सीझन एप्रिल ते जून. त्या दिवसांत गाडी पुण्यात पार्टची वाट बघत उभी राहिलेली मला परवडणार नाही. सोलापूर, लातूर, धाराशिव, विजापूर भागात अशा गाड्या ठेवणाऱ्यांनी सांगा, तुम्ही कसं निभावता?

---

हिप्परग्याचा_वारा

ताई, मी सोलापुरातच जर्मन डिझेल सेडान वापरतो, वॉरंटी संपून बरेच दिवस झाले. वर्षाच्या सर्व्हिसचा बाऊ करू नका. ती ठरलेली असते, पुण्याला काम काढायचं, सकाळी गाडी द्यायची, संध्याकाळी घ्यायची. त्रास होतो तो मधल्या किरकोळ दुखण्यांचा. डॅशवर एक पिवळा दिवा लागतो आणि तो बघायला गावात कंपनीचा माणूस नसतो. माझ्या गाडीची कूलंटची एक नळी गळायला लागली. नळी हातभर, पण गाडी फ्लॅटबेडवर (गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकवर) चढून पुण्याला गेली. तिथे कळलं की पार्ट मागवावा लागेल. रोज फोन केला की "उद्या अपडेट देतो सर."

दुसरं टायर. गाडीला रनफ्लॅट असतील तर हवा गेल्यावर ताशी ८० च्या आत साधारण ८० किमी जाता येतं, असा त्यांचा हिशेब. युरोपात ठीक आहे ओ. आपल्याकडे इंदापूरजवळ टायर गेला तर पुणेही शंभराच्या वर आणि सोलापूरही शंभराच्या वर. आणि तो साइझ टेंभुर्णीच्या टायरवाल्याकडे मिळत नाही. त्यामुळे गाडीत स्टेपनी आहे की नुसता पंप आणि फेसाची बाटली, हे डिकी उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ब्रोशरवर जाऊ नका.

गळिताच्या हंगामात रात्री पुण्याहून परत येत असाल तर मोडनिंब-टेंभुर्णी पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही. तिथे चांगल्या हेडलॅम्पची किंमत कळते. एवढ्या एका गोष्टीसाठी मला माझी गाडी अजून आवडते.

डिझेल घेऊ नका. तुमचं रोजचं धावणं कमी आहे. डीपीएफमधली (डिझेलच्या धुराच्या फिल्टरमधली) काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापून पळावं लागतं. होटगी रोड ते एमआयडीसी एवढ्यात ते होत नाही, आणि मग परत तो पिवळा दिवा.

---

जॉबकार्ड

मी काही वर्षं पुण्यात लक्झरी गाड्यांच्या वर्कशॉपला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो. आता या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

शोरूम बघून डीलर ठरवू नका. शोरूम सगळ्यांचंच चकचकीत असतं. सोमवारी सकाळी साडेनऊला वर्कशॉपच्या गेटवर जा आणि अर्धा तास नुसतं उभं राहा. गाड्या उतरवून घ्यायला कोणी बाहेर येतं का, की मालक चावी हातात घेऊन ताटकळतात? मागच्या बाजूला धूळ खात किती गाड्या उभ्या आहेत ते बघा. जाड थराची धूळ म्हणजे पार्ट अडकलाय किंवा इन्शुरन्सची मंजुरी अडकलीय. अशा गाड्या दोन-चार सगळीकडे असतात. रांगच असेल तर काय समजायचं ते समजा.

मग अ‍ॅडव्हायझरला भेटा, सेल्सवाल्याला नाही. त्याच्याकडून चार गोष्टींचे अंदाजे भाव लेखी घ्या: पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क, पुढची काच, एक हेडलॅम्प, सस्पेन्शनचा एक आर्म. काचेचा भाव विचारताना कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (नव्याने जुळवणी) धरून विचारा. आता काचेमागे कॅमेरा असतो, नुसती काच बसवून भागत नाही. जो माणूस हे आकडे द्यायला टाळाटाळ करतो, तो उद्या जॉब कार्डवरही (कामाचा तपशील लिहितात त्या कागदावर) गोल गोल लिहिणार.

पिकअप-ड्रॉपचं असं आहे. "आमचा माणूस येतो" हे खरंही असतं, पण सहसा ते शहराच्या हद्दीपुरतं. सोलापूरसाठी ड्रायव्हर, डिझेल-पेट्रोल आणि जाता-येता चार-चार टोल हे कोणाच्या खिशातून, ते ईमेलवर मागा. गाडी देताना चारही बाजूंचे फोटो, किलोमीटर आणि इंधनाचा काटा नोंदवून त्याची सही घ्या. वाटेत घासली तर हाच कागद कामाला येतो. रोडसाइड असिस्टन्सचंही तसंच, टोइंग किती किलोमीटरपर्यंत फुकट, तो आकडा पॉलिसीत शोधा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ज्या डीलरकडून गाडी घेतली त्याच्याकडेच सर्व्हिस करायची सक्ती नाही. वॉरंटी कंपनीची असते, कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला काम होतं. सोलापूरकरांना पुणे आणि हैदराबाद दोन्ही दारं उघडी आहेत. मर्सिडीजच्या बाबतीत तर ऑक्टोबर २०२१ पासून गाड्यांचा स्टॉक कंपनीचा, बिल कंपनीचं आणि किंमत देशभर एक. त्यामुळे डीलर-डीलरमध्ये भावाची ओढाताण उरलेली नाही. तिथे निवड करायची ती वर्कशॉप बघूनच.

गाडी ठरली की नोंदणीआधी स्टॉकयार्डात जाऊन बघा. फॉर्म २१ वर (डीलरच्या विक्रीच्या दाखल्यावर) उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं, ते चेसिस नंबरशी ताडून घ्या. इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायचं बंधन नाही, बाहेरचं कोटेशन टेबलावर ठेवलं की त्यांचंही खाली येतं. रिम आणि टायरचं कव्हर मात्र वेगळे पैसे भरून घ्या, लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या कडेचे) टायर आणि आपले खड्डे यांचं जमत नाही.

---

ताळेबंद

ताई, गाडी तुमच्या नावावर की कंपनीच्या, हे ऑन-रोड ठरवण्याआधी बघा. महाराष्ट्रात वीस लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १५. कंपनीच्या नावावर सरळ २०. पन्नास लाखांच्या गाडीवर हा फरक साडेतीन लाखांचा आहे. उलट बाजूला कंपनीत वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो. जीएसटीचं क्रेडिट (गाडीवर भरलेला जीएसटी धंद्याच्या जीएसटीतून वजा करणं) मिळेल असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, धंद्यासाठी घेतलेल्या अशा प्रवासी कारवर तुम्हाला ते मिळत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला डीलर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर) घेतो, तो मात्र रिटर्नमध्ये वळता होतो, पावती जपून ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सेस जाऊन सरसकट ४० टक्के जीएसटी झाला आहे, तेव्हा कोणाचं जुनं कोटेशन बघून बजेट ठरवू नका.

---

सात_रस्ता

काय ओ मालक, एवढी चर्चा कशाला? ज्या गाडीचं वर्कशॉप गावात, ती गाडी आपली. कॅम्री घ्या आणि सासूबाईंना गड्ड्याच्या जत्रेला घेऊन जा.

---

हिप्परग्याचा_वारा

@सात_रस्ता, गावात वर्कशॉप आहे म्हणजे त्या गाडीचे पार्ट गावात आहेत असं होत नाही. इनोव्हाचा बंपर उद्या मिळेल. कॅम्रीचा मागवावाच लागेल.

---

सात_रस्ता

मग पार्ट येईपर्यंत गाडी निदान घरी तरी उभी राहील की.

---

शिवणकाम_एमआयडीसी

सगळ्यांचे आभार. जॉबकार्ड यांचं ऐकून पुण्याला वर्कशॉप बघायला गेले, शोरूमच्या दाराकडे फिरकलेच नाही. एका ठिकाणी चावी घ्यायला माणूस आला तो मोबाइलवर बोलत आला आणि बोलतच गेला. दुसऱ्या ठिकाणी एक तरुण मुलगी अ‍ॅडव्हायझर होती. तिने न मागता जुनं जॉब कार्ड काढलं, गिऱ्हाइकाचं नाव बोटाने झाकून रकाने दाखवले: तक्रार काय लिहिली, मेकॅनिकने काय निदान केलं, मजुरी वेगळी, पार्ट वेगळे. काचेचा भाव कॅलिब्रेशनसकट लिहून दिला. आकडा वाचून मिस्टर दोन मिनिटं बोलले नाहीत. सोलापूरहून पिकअपचं विचारल्यावर तिने सरळ सांगितलं, "मॅम, आम्ही करत नाही. करतो म्हणून सांगितलं तर बाहेरचा ड्रायव्हर पाठवतो." ही मुलगी सेल्सला असती तर मी तिथेच बुकिंग केलं असतं.

मग इथल्या टोयोटाच्या वर्कशॉपला गेले. माझी शंका हायब्रिडची होती, की इथे ते कोणाला येतं का. रॅम्पवर टोयोटाचीच हायब्रिड हायक्रॉस उभी होती आणि मेकॅनिक तिच्याच हाय व्होल्टेजच्या कामात होता, हातात ते जाड रबरी मोजे. म्हणजे रोजचा सराव आहे. त्याच्याशी बोलताना कामाची गोष्ट कळली. कॅम्रीची बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिला गार ठेवायला हवा केबिनमधूनच घेतली जाते. ती सीटजवळची जाळी पिशव्यांनी, चादरींनी झाकायची नाही आणि तिचा फिल्टर वेळच्या वेळी साफ करून घ्यायचा. त्याने माझ्या ओढणीला चिकटलेला सुताचा भुगा बघितला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची जाळी जरा लवकर लवकर बघावी लागणार." आमच्या कारखान्यात हवेतच सूत असतं, हे कुठल्या ब्रोशरमध्ये येणार? बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. जाळी तुंबून काही झालं तर ती लागू राहील का, हे मी लेखी मागितलंय.

कॅम्री मोहोळच्या रस्त्याला चालवून पाहिली. शहरात इतकी शांत की सिग्नलला बंद पडली असं वाटतं. जोरात ओव्हरटेक करताना मात्र इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो, ते मला आवडलं नाही. तीन सिरीजचं स्टिअरिंग अजून हातात आहे, खोटं का बोला. पण सीझनमध्ये मला स्टिअरिंग नको, गाडी हवी. मुलगा रुसलाय, त्याला सांगितलं, तू कमवायला लागलास की बीएमडब्ल्यू घे आणि सर्व्हिसला पुण्याला तूच ने.

कॅम्रीच वैयक्तिक नावावर घेतेय, पांढरी. हिप्परगा भाऊ, बंपर आणि हेडलॅम्पला किती दिवस लागतात ते विचारलं, त्यांनी मागच्या एका क्लेमची तारीख दाखवली, आठवड्याच्या थोडं वर गेलं होतं. तेवढं चालेल. आता कोटेशनमध्ये 'हँडलिंग चार्जेस' नावाची एक ओळ आहे, ती कशाची?

---

जॉबकार्ड

कशाचीच नाही. खोडायला सांगा आणि नवीन कोटेशनवर शिक्का घ्या. "सिस्टिममध्ये आपोआप येतं" असं म्हणतील, तेव्हा मॅनेजरला बोलवा. आणि अ‍ॅक्सेसरी पॅकही काढायला लावा, मॅट बाहेर चांगल्या मिळतात.