सल्ला हवा: नववीला नाझी जर्मनी, फोटो आणि मूळ कागद कोणते वापरावेत? (बजेट २०००)

रेवा_९वीब
सीबीएसई नववी, ४८ मुलं, ३५ मिनिटांचे चार तास. पाठ्यपुस्तकातल्या धड्यापलीकडे १९३९–४५ साठी खरे फोटो आणि मूळ कागद मुलांच्या हातात द्यायचे आहेत. प्रोजेक्टर नाही, मिळणारही नाही. छपाईसकट सगळं दोन हजारांत बसवायचंय. काय घ्यावं, काय टाळावं?

खडू_डस्टर
ताई, आधी प्रोजेक्टर घ्या. माझा अठरा हजारांचा आहे, तीन वर्षांत एकदाही बिघडला नाही. फोटो भिंतीवर मोठा दिसला की अर्धं काम झालं.

मधली_सुट्टी
त्यांनी प्रोजेक्टर मिळणार नाही असं लिहिलंय. त्यापेक्षा फ्लेक्स करा, ३ बाय ४ फुटी. विकिमीडिया कॉमन्सवर जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराचे हजारो फोटो फुकट आहेत.

फिल्मरोल
फ्लेक्स अजिबात नको. बुंडेसआर्काइव्हने, म्हणजे त्याच अभिलेखागाराने, २००८ च्या अखेरीस कॉमन्सला ८० हजारांवर फोटो दिले, पण त्यांची लांब बाजू जेमतेम ८०० पिक्सेल. १५० डीपीआयने छापले तर साडेतेरा सेंटिमीटर, म्हणजे पोस्टकार्डाहून थोडे कमी. ४ फुटी केलेत तर चेहऱ्यांच्या जागी चौकोन दिसतील. A4 वर दोन फोटो, लेझर प्रिंट, जोडीला एक पान. प्रिंटची झेरॉक्स काढू नका, करड्या छटा काळ्या होतात आणि सावलीतली माणसं गायब.

फोटोखालचा क्रमांक कापू नका. १०१I ने सुरू होणारे बहुतेक वेअरमाख्टच्या (नाझी काळातलं जर्मन सैन्य) प्रचार तुकड्यांचे, म्हणजे कॅमेरा धरणारा गणवेशातला माणूस. मूळ मथळाही त्या काळचाच असतो. अभिलेखागार स्वतःच सांगतं की हे मथळे चुकीचे किंवा एकतर्फी असू शकतात. तो मथळा मुलांना माहिती म्हणून नव्हे, तपासायचा पुरावा म्हणून द्या.

क्रम असा: दोन मिनिटं गप्प बघायचं, मग फक्त दिसतं तेवढं लिहायचं ('दुःखी' नाही, 'हात वर'), मग मथळा, शेवटी 'कॅमेरा कुणाच्या हातात?' मथळा आधी दिला की मुलं फोटो बघतच नाहीत.

जुना_कागद
+१. मथळ्यांबद्दल तर दोनदा +१. हाम्बुर्गच्या समाजसंशोधन संस्थेचं वेअरमाख्टच्या गुन्ह्यांवरचं प्रदर्शन १९९९ मध्ये थांबवावं लागलं, कारण काही फोटोंतले मृतदेह सोव्हिएत गुप्त पोलिसांनी (एनकेव्हीडी) मारलेल्यांचे निघाले. आयोगाने तपासल्यावर १४३३ पैकी वीसहून कमी फोटो चुकीच्या जागी होते. मूळ मुद्दा खरा ठरला, पण त्या वीस फोटोंनी विरोधकांना किती दारूगोळा पुरवला!

माझी शिफारस: ड्रेस्डेनचा 'टागेसबेफेल ४७'. शहरावरच्या बॉम्बहल्ल्यानंतरचा, मार्च १९४५ चा पोलिसी आदेश. खऱ्या आकड्यांत मृत २०,२०४ आणि अंदाजे एकूण २५,०००. प्रचारासाठी फिरवलेल्या प्रतीत २,०२,०४० आणि २,५०,०००. एक शून्य! युद्धानंतरही तो आकडा वर्षानुवर्षं छापला गेला. ड्रेस्डेनच्या इतिहासकार आयोगाने २०१० मध्ये कमाल २५ हजारांवर शिक्कामोर्तब केलं. मुलांना फळ्यावर शून्य पुसायला लावा.

आणि शक्य असेल तर लिलावातून एखादं खरं फेल्डपोस्ट (लष्करी टपाल) पत्र घ्या. पाच आकडी फेल्डपोस्ट नंबर हातात धरला की वेगळाच फरक पडतो.

खडू_डस्टर
लिलाव? त्यांचं बजेट दोन हजार आहे. आणि ते जुनं हस्ताक्षर आजच्या बहुतेक जर्मनांनाही वाचता येत नाही. त्यापेक्षा प्रोजेक्टर.

अवांतर_अण्णा
पहिल्याच तासाला एखादं पोर म्हणणार, 'बाई, हे तर आपलं स्वस्तिक.' तयारी ठेवा. आपलं सरळ, त्यांचं तिरकं, एवढं सांगितलं की झालं.

श्पांडाऊकर
नाही झालं. दोन्हींच्या भुजा एकाच दिशेला वळतात आणि नाझींनी काही ध्वजांवर न फिरवलेलंही वापरलं. कोनावरून ओळखायला शिकवलंत तर मुलं पुढे फसतील. 'हाकेनक्रॉइझ' हा जर्मन शब्दच वापरा: पक्षाने १९२० मध्ये घेतलं, १९३५ मध्ये राष्ट्रध्वज केला. इथे जर्मनीत ते जाहीर दाखवणं गुन्हा आहे, शिक्षण-संशोधनाला सूट आहे.

बाकी मुलांना बर्लिनला आणता आलं तर वानझे व्हिला दाखवा, ज्यूंच्या संहाराची आखणी करणारी बैठक तिथेच झाली. नाही तर त्या बैठकीचं इतिवृत्त संकेतस्थळावर प्रतिमेसकट आहे, फुकट. २० जानेवारी १९४२, पंधरा माणसं, पंधरा पानं. तीस प्रतींपैकी सोळावीच सापडली, १९४७ मध्ये. सहाव्या पानावर ज्यूंच्या संख्येचा देशवार तक्ता.

मधली_सुट्टी
तक्ता? नववीची मुलं झोपतील. आउशवित्झचे फोटो दाखवा, लगेच कळतं.

फिल्मरोल
कुठले? मृतदेहांच्या ढिगांचे फोटो चौदा वर्षांच्या मुलांपुढे टाकले की काही रडतात, काही हसतात आणि तास तिथेच संपतो. स्मारकसुद्धा चौदाखालच्यांना भेट द्यायला सुचवत नाही.

दाखवायचाच तर ऑगस्ट १९४४ मध्ये झोंडरकमांडोच्या (गॅस चेंबरपाशी सक्तीने राबवलेली तुकडी) कैद्यांनी चोरून काढलेल्या चारपैकी शेवटचा. त्यात फक्त फांद्या आणि आकाश. घाईत, न बघता दाबलेलं बटण. बाकीच्यांच्या कातरलेल्या आवृत्त्या टाळा: दोघांची काळी चौकट म्हणजे गॅस चेंबरचं दार, ती कापली की फोटो कुठे लपून काढला हेच पुसलं जातं. रोलचा तुकडा टूथपेस्टच्या ट्यूबमधून बाहेर गेला.

'तू नाझी, तू ज्यू' असलं नाटक कुणी सुचवण्याआधीच सांगतो, नको. मुलं खेळ लक्षात ठेवतात, इतिहास नाही.

अवांतर_अण्णा
सुभाषबाबूंच्या बर्लिनच्या तुकडीचे फोटो घ्या ना, आपल्या मुलांना जवळचे वाटतील.

जुना_कागद
तो वेगळा धागा काढा अण्णा, नाहीतर हा तिकडेच जाईल.

रेवा_९वीब
सगळ्यांचे आभार. फोटो एकही घेत नाहीये. वानझेचं सहावं पान, तेवढंच. मुलं झोपतील, हे मान्य करून.

करून पाहिलं. मूळ पान आणि देशांची नावं मराठीत लिहिलेलं दुसरं पान, २४ जोड्या, ४८ प्रिंट, तीन रुपयांनी १४४. मुलांनी बेरीज करायची. इथे एक खड्डा आहे: सोव्हिएत संघाच्या ५० लाखांखाली युक्रेन आणि बेलोरशिया वेगळे दिलेत, ते त्या ५० लाखांतच धरलेले. तेही मिळवले तर बेरीज चुकते. सोडले तर १,१२,९२,३००, आणि कागद म्हणतो '१ कोटी १० लाखांहून जास्त'.

मग तीन प्रश्न. अल्बानियाचे २०० कुणी, कशासाठी मोजले? इंग्लंड, आयर्लंड, स्वित्झर्लंड जर्मनीच्या ताब्यात नव्हते, तरी यादीत कसे? एस्टोनियापुढे आकड्याऐवजी 'युडेनफ्राय' (ज्यूमुक्त) का?

श्पांडाऊकर
चांगलं. दोन सूचना. १ कोटी १० लाख ही ठरवलेली संख्या, मारलेल्यांची सुमारे ६० लाख. हे फळ्यावर लिहून ठेवा, मुलं हमखास घोळ करतात. आणि आकडे प्रमाण मानू नका, अव्याप्त फ्रान्सचे ७ लाख प्रत्यक्षाहून खूपच फुगलेले आहेत. एस्टोनियात मागे राहिलेले हजारेक ज्यू तोवर मारून झाले होते, म्हणून तिथे आकडा नाही. कागदावर तारीख आणि सही नाही, एखादा हुशार मुलगा विचारेलच. बैठक बोलावणाऱ्या एसएस अधिकाऱ्याचं, हायड्रिशचं, सोबतचं २६ फेब्रुवारी १९४२ चं पत्र उत्तरासाठी तयार ठेवा.

मधली_सुट्टी
एक तरी फोटो हवा होता पण.

खडू_डस्टर
१४४ गेले, १८५६ उरले. प्रोजेक्टरला सुरुवात म्हणून बरे आहेत.