परतीचं इंधन कुठून आणायचं?

भोसरीच्या शेडमध्ये बांधलेलं, मंगळावर आणि टायटनवर (शनीच्या चंद्रावर) उतरणारं ते कथेतलं यान परत का येत नाही, लेखकाने पळवाट काढलीय, असं वरच्या प्रतिक्रियेत कुणीतरी म्हटलंय. मला तर तेवढीच गोष्ट पटली! मंगळावरून सुटायला सेकंदाला ५ किमी वेग लागतो. त्याचं इंधन आधी खाली उतरवा, ते उतरवायला आणखी इंधन न्या. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. अपोलो मोहिमेवाल्यांनीसुद्धा चंद्रावर उतरणाऱ्या आपल्या यानाचा खालचा भाग तिथेच सोडला होता. त्याच्या पायांत ॲल्युमिनियमची पोकळ जाळी होती. आदळताना ती चेपून धक्का पचवायची. एकदा चेपली की संपली. भोसरीत असलं काम करणारे कारागीर मिळतील, हे त्यातल्या त्यात खरं वाटतं.

खटकलं ते पॅराशूट. तेच पॅराशूट टायटनवर आणि तेच मंगळावर? टायटनची हवा दाट, तिथे हायगन्स हे यान २००५ मध्ये नुसत्या पॅराशूटवर अलगद उतरलं. मंगळाची हवा आपल्या एक टक्क्याहूनही विरळ. क्युरिऑसिटी या नासाच्या मंगळावरच्या गाडीला २०१२ मध्ये पॅराशूटनंतर रॉकेटं पेटवून दोरांवरून खाली सोडावं लागलं. लेखकमहाशय, पुढच्या भागात निदान दोन रॉकेटं तरी बसवा.