जांघेतून वाट नाही, मग मानेतून एएफचं अ‍ॅब्लेशन करायचं का?

होटगी रोडवाला: अण्णा ६४ चे, दोन वर्षं एएफ (हृदयाचे वरचे कप्पे थरथरतात, ठोके अनियमित), सात रस्ता चौकातनं घरापर्यंत चालले तरी धाप लागते, गोळ्या दोनदा बदलून झाल्या. पुण्यात अ‍ॅब्लेशन, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदयातली बिघाडाची जागा जाळणं, ठरलं होतं पण सीटीत निघालं की पोटातली मोठी शीर, आयव्हीसी, यकृताखाली जन्मापासून तुटक आहे, खालचं रक्त अझायगस शिरेतून फिरून वरनं हृदयात येतं. जांघेतून सरळ हृदयात जाता येत नाही म्हणून डॉक्टर म्हणतात मानेतून करू. मी म्हणतो करावं. बोला.

नवी पेठकर: कशाला ओ? सुया, शीथ (आत घालायच्या नळ्या) सगळं जांघेच्या हिशोबानं वळवलेलं असतंय. डाव्या कप्प्यात जायला मधला पडदा टोचायचा, वरनं आलं की कोनच उलटा, सुई घसरून भिंतीत गेली तर हृदयाभोवती रक्त साचतंय. रक्त पातळ करायची गोळी आन् ठोक्याची गोळी, बास की.

कॅथलॅबवाला: टेबलापाशी उभा असतो म्हणून सांगतो. घसरते खरी, म्हणून अशा केसला सुई रेटण्यापेक्षा आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी) वायरीनं करंट देऊन बारीक भोक पाडतात, एकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) बघत बघत. वैताग वेगळाच असतो, डॉक्टर पेशंटच्या डोक्याशी, एक्सरे तोंडाजवळ, शिल्ड भलतीकडं, वायरी टेबलावरनं लोंबतायत. दुसरी वाट यकृतातून, बरगड्यांमधून सोनोग्राफीवर यकृताच्या शिरेत सुई. अण्णांसारख्यांत त्या शिरा थेट उजव्या कप्प्यात उघडतात, कोन मस्त मिळतो, पण हेपरिन (रक्त पातळ करायचं इंजेक्शन) चालू असताना यकृताला भोक, शेवटी कॉइल नायतर प्लगनं बुजवावं लागतं, नीट नाही बुजलं तर पोटात रक्त. मी मानेच्या बाजूनं.

नवी पेठकर: म्हणजे अवघड आहे हे तुम्हीच कबूल केलं 😄 त्यापेक्षा पेसमेकर बसवून एव्ही नोड (वरच्या कप्प्यांचा ठोका खाली पोचवणारी जागा) जाळा, पडदा टोचायची भानगडच नाही.

कॅथलॅबवाला: मग वरचे कप्पे थरथरतच राहतात ना, ठोके तेवढे ताब्यात, आणि जन्मभर पेसमेकरच्या जिवावर. तो पत्ता शेवटी टाकायचा. १९९८ ला फ्रान्सातल्या बोर्दोच्या डॉ. हाइसागेरनं दाखवलं की एएफची ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसाच्या शिरांच्या तोंडाशी पडते. जाळायचं तिथंच, तुम्ही खालनं आलात का वरनं त्या शिरेला काय पडलंय? फक्त अ‍ॅब्लेशन झालं म्हणून पातळ करायची गोळी आपल्या मनानं सोडू नका, ती अर्धांगवायूच्या धोक्यावर ठरते.

नवी पेठकर: गोळीचं पटलं. मानेचं नाही.

होटगी रोडवाला: उद्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघतोय. मानेतून तुम्ही स्वतः किती केल्या, डॉक्टरांना एवढंच विचारणार, आकडा ऐकून ठरवू. अण्णांचा प्रश्न वेगळाच, मानेला पट्टी असली तर दाढी कशी करायची.