सागाच्या भुशातलं लिग्निन: फॉर्मल्डिहाइड पद्धतीत उतारा कमी का येतो?

रसशाळा
लोझानच्या ईपीएफएल या स्विस तंत्र विद्यापीठातल्या जेरेमी लुटरबाखर यांच्या गटाची 2016 ची पद्धत सागावर लावतोय. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन फॉर्मल्डिहाइडने सांभाळून वेगळं काढायचं आणि मग त्याचे तुकडे करायचे. 1 ग्रॅम भुसा, 9 मिली डायऑक्सेन, 1 मिली फॉर्मॅलिन (फॉर्मल्डिहाइडचं 37 टक्के पाण्यातलं द्रावण), 0.42 मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, 80 अंश, 5 तास. त्यांना बीच लाकडाच्या लिग्निनमधून 47 मोल टक्के मोनोमर (लिग्निनची सुटी एककं) मिळाले. माझं लिग्निन गडद तपकिरी निघतं आणि मोनोमर त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. भुसा वखारीतला, चाळून वाळवलेला. कुठे तपासू?

काष्ठरस
रंग गडद, म्हणजे लिग्निन आपसात गुंतलंय. आम्लात अल्फा कार्बनवरचा (बेंझीन कड्याला लागूनच्या कार्बनवरचा) हायड्रॉक्सिल निघून जातो आणि तिथला धनभारित कार्बन शेजारच्या लिग्निनच्या बेंझीन कड्याला चिकटतो. हा कार्बन-कार्बन बंध पुढच्या टप्प्यात लिग्निन तोडणाऱ्या रुथेनियम उत्प्रेरकालाही दाद देत नाही. फॉर्मल्डिहाइड अल्फा आणि गॅमा (कड्यापासून तिसऱ्या कार्बनवरच्या) हायड्रॉक्सिलना जोडून सहा अणूंचं कडं बनवतं, त्यामुळे ती जागा बंद होते. ते कमी पडलं की संपलं.

म्हणून आधी फॉर्मॅलिनची बाटली उजेडात धरून बघा. थंड जागी ठेवलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसतो. तो पॅराफॉर्मल्डिहाइड, आणि मग वरच्या द्रवात 37 टक्के उरलेले नसतात. ताजी बाटली घ्या आणि आम्ल सगळ्यात शेवटी घाला.

दुसरी जागा गाळल्यानंतरची. गाळलेलं द्रावण तसंच रोटावॅपवर (द्रावक आटवणाऱ्या यंत्रावर) लावलंत, तर आटता आटता आम्लाचं प्रमाण वाढतं, ते संरक्षक कडं उघडतं आणि कमावलेलं सगळं जातं. 0.42 मिली आम्लात साधारण 5 मिलिमोल एचसीएल असतं, त्याला 0.42 ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट लागतं. फेस येतो, चिमटीचिमटीने घाला. गाळणीवरचं सेल्युलोज डायऑक्सेनने, मग पाण्याने धुऊन ठेवा. एन्झाइमने त्याचं ग्लुकोज आणि पुढे इथेनॉल करता येतं.

वखारीचा_हिशोब
सागाची गोष्ट वेगळी आहे. त्यात टेक्टोक्विनोन आणि रबरासारखं द्रव्य असतं. सॉक्सलेट या अर्क काढायच्या उपकरणात आधी पाण्याने, मग इथेनॉल-टोल्युइनने अर्क काढला नाही, तर क्लासन लिग्निन (आम्लात न विरघळलेला साका तोलून काढलेलं लिग्निनचं प्रमाण) फुगतं. 72 टक्के गंधकाम्लात 30 अंशाला 1 तास, मग 4 टक्क्यांपर्यंत पातळ करून 121 अंशाला 1 तास, एवढं झाल्यावर जो साका तोलता त्यात न विरघळलेली ही द्रव्यंही येतात. उताऱ्याच्या हिशोबातला हा छेद मोठा झाला की उतारा आपोआप कमी दिसतो.

आणि बीचच्या 47 शी तुलनाच करू नका. एकक सुटं व्हायला त्याच्या दोन्ही बाजूंचे ईथर बंध तुटावे लागतात, म्हणून कमाल उतारा साधारण बीटा-ओ-4 (एककांना जोडणाऱ्या मुख्य ईथर) बंधांच्या वाट्याचा वर्ग असतो. वाटा 60 टक्के असेल तर कमाल 36. त्याच शोधनिबंधात सिरिंजिल (ज्याने हे बंध वाढतात असं लिग्निनचं एकक) वाढवलेल्या जनुकबदल पॉप्लरने 78 दिले, ते याच कारणाने. आधी सागाचा बीटा-ओ-4 एनएमआर वर्णपटावर मोजा.

रसशाळा
बाटलीत साका आहे, आणि बायकार्बोनेट घातलं नव्हतं. फॉर्मल्डिहाइड टाळून दुसरं काही चालेल का?

काष्ठरस
ॲसिटाल्डिहाइड किंवा प्रोपिऑनल्डिहाइड वापरा. फॉर्मल्डिहाइड बेंझीन कड्यावरही बसतं, त्यामुळे मोनोमरचे जादा मिथाइल भाऊबंद तयार होतात आणि जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) शिखरांची गर्दी होते. हे दोघे ते टाळतात. प्लास्टिककडे जायचं असेल तर ग्लायॉक्सिलिक आम्ल बघा. लुटरबाखर गटाने 2022 मध्ये त्याने झायलोज या लाकडातल्या साखरेचा सांगाडा न मोडता त्यापासून पॉलिएस्टरचा कच्चा माल काढला.

फॉर्मल्डिहाइडवरच राहणार असाल तर एक गोष्ट पक्की करा. त्याची आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ एकत्र आली की बिस-क्लोरोमिथाइल ईथर तयार होऊ शकतं, आणि त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. अभिक्रियेच्या बाटलीचं झाकण फ्यूमहूडमध्येच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात) उघडायचं, तेही ती गार झाल्यावर. डायऑक्सेन आटवण्याआधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून बघा. वापरलेलं रुथेनियम-कार्बन गाळणीवर कोरडं पडू देऊ नका, हवेत पेट घेतं. ओलं असतानाच पाण्याखाली टाका.