मदत हवी आहे: घरच्या नॅसच्या डिस्क रात्रंदिवस चालूच, झोपतच नाहीत

मंडळी,

घरी दोन डिस्कचं छोटं नॅस (घरच्या नेटवर्कवरून फाइली साठवायचा डबा) आहे. ४ टीबीच्या दोन डिस्क, रेड १ मध्ये, म्हणजे एकीवर जे ते दुसरीवर. '२० मिनिटं काम नसेल तर डिस्क झोपवा' असं सेटिंग केलेलं आहे आणि सुरुवातीला त्या झोपायच्याही. गेले काही आठवडे मात्र थांबायचं नाव नाही. दिवा सतत लुकलुकतो आणि दर पाच-सहा सेकंदांनी आतून खर्र... खट्, खर्र... खट्. डबा हॉलमध्ये टीव्हीखाली आहे आणि आई हॉलमध्येच झोपते. परवा रात्री विचारत होती, "त्या खोक्यात उंदीर शिरलाय का रे?"

करून झालेलं सांगतो, म्हणजे परत तेच सुचवायला नको. फोटोंचं इंडेक्सिंग बंद केलं. टीव्हीसाठीचा मीडिया सर्व्हर बंद, फोनचा फोटो बॅकअप बंद. बायकोच्या लॅपटॉपवर नॅसचा फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडला होता, तोही काढला. काडीचाही फरक नाही. प्रोसेसर २-३ टक्क्यांवर, नेटवर्कचा आलेख जवळपास सपाट. स्मार्टमध्ये (डिस्कची स्वतःची तब्येतीची नोंद) दोन्ही डिस्कचे ५ आणि १९७ (खराब आणि संशयित सेक्टर) हे आकडे शून्य, तापमान ४४-४६. डिस्क जायला आली आहे असं दिसत नाही. मग ती करतेय तरी काय?

एसएसएच (दुसऱ्या यंत्रावरून कमांड देण्याची सोय) चालू आहे. लिनक्स कामापुरतं येतं.

सोल्डरकाका:
लाईट गेली होती का मध्ये? अचानक बंद पडलं की रेड १ दोन्ही डिस्क पुन्हा ताडून बघतं, ४ टीबीला आठ-दहा तास सहज जातात. प्रॉक फोल्डरातली एमडीस्टॅट फाइल उघडून बघा. 'रीसिंक' किंवा 'चेक' आणि पुढे टक्केवारी दिसली तर हात लावू नका, होऊ द्या. नवीन फॉरमॅट केल्यावरही ईएक्सटी४ ही फाइलसिस्टिम बराच वेळ मागच्या मागे आयनोड टेबलं (फाइलींच्या नोंदींचे तक्ते) लिहीत बसते, पण तुमचं प्रकरण त्यापेक्षा जुनं दिसतंय.

चिंचेचं झाड:
माझं मत वेगळं. नॅसच्या डिस्क चोवीस तास फिरण्यासाठीच असतात. झोपव-उठव करण्यापेक्षा स्लीप काढून टाका आणि डबा हॉलमधून हलवा. विषय संपला.

धागाकर्ता:
@सोल्डरकाका, यूपीएस आहे. रीसिंक काही दिसत नाही. पण त्या फाइलीत रेडचे तीन गट, म्हणजे तीन अ‍ॅरे दिसतायत, मी तर एकच बनवला होता!
@चिंचेचं झाड, डबा हलवता येईल हो, पण कोण काय लिहितंय ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

रात्रपाळी:
तीन अ‍ॅरे, तिथेच मेख आहे. बऱ्याच तयार नॅसमध्ये सिस्टिमसाठी वेगळी डिस्क नसते. तुमच्याच दोन्ही डिस्कच्या सुरुवातीला एक छोटं पार्टिशन सिस्टिमचं, एक स्वॅपचं (मेमरी कमी पडली तर वापरायची जागा) आणि उरलेलं तुमच्या डेटाचं. म्हणजे तुमच्या फोल्डरांना कोणी बोटही लावलं नाही, पण सिस्टिमने लॉगमध्ये एक ओळ लिहिली, तरी दोन्ही डिस्क जाग्या. तुम्ही बंद केलंत ते सगळं डेटाच्या बाजूचं होतं.

पाच सेकंदांचा ठेकाही त्यातलाच. ईएक्सटी४ साठलेले बदल मुळात दर ५ सेकंदांनी डिस्कवर उतरवते. खर्र-खट् अखंड चालू आहे याचा अर्थ दर वेळी उतरवायला काहीतरी थोडंसं असतंच.

आधी राउटरकडून येणारी केबल दहा मिनिटं काढून ठेवा आणि नुसतं ऐका. आवाज चालूच राहिला तर कारण डब्यातच आहे, थांबला तर बाहेरून कोणीतरी हलवतंय. मग केबल लावून आयओटॉप (डिस्कवर कोण लिहितंय ते दाखवणारी कमांड) 'ए' आणि 'ओ' हे पर्याय देऊन पंधरा मिनिटं चालवा, म्हणजे कोणी एकूण किती लिहिलं त्याची बेरीज दिसते. सगळ्यात वर जेबीडी२ असेल, त्याच्या मागे लागू नका. तो नोंदवहीचा कारकून आहे, हुकूम दुसऱ्याचाच असतो. शेवटी फाइंड कमांडने व्हार फोल्डरात गेल्या पाच मिनिटांत बदललेल्या फाइली काढा.

धागाकर्ता:
केबल काढली, दोन मिनिटांत चिडीचूप! लावली की परत सुरू. आयओटॉपमध्ये जेबीडी२ च्या खाली सिसलॉग (सिस्टिमच्या नोंदी लिहिणारा). बदलणारी फाइल एकच, लॉगिनच्या नोंदींची. उघडली तर ओळीच्या ओळी: 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट', मग अ‍ॅडमिन, टेस्ट, उबंटू, ओरॅकल, पाय अशी युजरनेमं... आयपी पत्ते सगळे बाहेरचे. हे काय आहे??

रात्रपाळी:
तुमचं २२ नंबरचं पोर्ट, म्हणजे एसएसएचचं दार, इंटरनेटवर उघडं आहे. जगभर बॉट फिरत असतात, उघडं दार दिसलं की पासवर्ड लावून बघतात. एकेक प्रयत्न काही केबीचा, म्हणून आलेखात दिसत नाही, पण प्रत्येकाची नोंद डिस्कवर पडते. स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त तुमचा इंटरनेट पत्ता) घेतलाय का? साध्या घरगुती कनेक्शनवर बहुतेकदा एकच पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असतो, तिथे बाहेरून थेट आत येता येत नाही.

आधी त्याच फाइलीत 'अ‍ॅक्सेप्टेड' शब्द शोधा. अनोळखी पत्त्यावरून एक जरी सापडला तर बाकी सगळं सोडून डबा नेटवरून उतरवा. नसेल तर राउटरमधलं यूपीएनपी बंद करा. ते चालू असलं की घरातलं कुठलंही यंत्र न विचारता पोर्ट उघडून घेतं. पोर्ट नंबर बदलून गर्दी कमी होईल, दार उघडंच राहील. बाहेरून यायचंच असेल तर वायरगार्ड (घरच्या नेटवर्कात यायचा सुरक्षित खासगी मार्ग, व्हीपीएन) लावा.

धागाकर्ता:
कॅमेरे बाहेरून बघायला स्टॅटिक आयपी घेतला होता, बरोबर. राउटरच्या यूपीएनपी यादीत २२ नंबर नॅसच्या नावाने होता. बंद केलं. 'अ‍ॅक्सेप्टेड' फक्त माझ्या लॅपटॉपचे. वीस मिनिटांनी दोन्ही डिस्क खरंच झोपल्या! पण आता दर अर्ध्या तासाने उठतात, थोडा वेळ फिरतात, परत झोपतात. हे कोण?

सोल्डरकाका:
स्मार्टडी (स्मार्टचे आकडे तपासत राहणारा प्रोग्राम) असणार. तो मुळात दर ३० मिनिटांनी डिस्कची विचारपूस करतो आणि त्यासाठी झोपलेलीलाही उठवतो. त्याच्या कॉन्फिग फाइलीत डिस्कच्या ओळीला 'एन स्टँडबाय' हा पर्याय जोडा, मग झोपलेलीला सोडून देईल. आणि कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं पोर्टही असंच उघडं असेल, आजच बघून घ्या.