पडलेली झाडं उचलायची की राहू द्यायची? बेडकांचं काय?

रानवेडा_दापोली: निसर्ग वादळात (जून २०२०) पडलेला ऐनाच्या झाडाचा एक ओंडका आमच्या ओढ्याकडेला चार पावसाळे तसाच पडून होता, पार भुसभुशीत झालेला, खाली गारेगार माती, आणि एकदा तर चक्क देवगांडूळ दिसलं, लोक साप समजून मारतात ते, खरं तर बेडकाचं भावंड. यंदा साफसफाई म्हणून ट्रॅक्टर आला नि ओंडका गेला. आपल्याकडचे छोटे बुश फ्रॉग, म्हणजे झुडपांत राहणारे बेडूक, डबक्यात अंडी घालतच नाहीत, टॅडपोल वगैरे भानगड नाही, अंड्यातून थेट इवलासा बेडूक. मग ऑगस्टात आठवडाभर उघडीप पडली की ओल कुठून आणायची त्यांनी?

निवृत्त_वनपाल: अहो अभयारण्यातलं मेलेलं झाडसुद्धा हलवायचं नाही असं सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २००० मध्येच सांगितलंय, तिथे कोण उचलतंय? पण सागाची लागवड लाकडासाठीच असते. आणि वणव्यात वाळका ओंडका रात्रभर धुमसतो, आपण विझली म्हणून घरी येतो, सकाळी परत पेटलेली, अशा आगी झोडपून हात भाजलेत माझे. शिवाय अमेरिकेत साउथ कॅरोलिनात पाइनच्या लागवडीतून मुद्दाम ओंडके काढून बघितलं, बेडकांत फार फरक नाही पडला.

रानवेडा_दापोली: तिथले बरेचसे बेडूक डबक्यात अंडी घालणारे, त्यांचा हिशोब कोकणाला कसा लावता? अमेरिकेतलंच घ्यायचं तर ओरेगॉनचं घ्या, तिथल्या काही सॅलॅमँडरना (पालीसारखे दिसणारे, पण बेडकांच्या नात्यातले) फुप्फुसंच नाहीत, जवळपास सगळा श्वास ओल्या कातडीतून, नि ते राहतात जाड कुजक्या ओंडक्यांत. जाळरेषेवरचं, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचं लाकूड न्या खुशाल. ओढ्याकाठचं कशाला?

मोळीवाली: तुमच्या बेडकांपायी उद्या आमचं सरपण बंद नका करू म्हणजे झालं. कुजका ओंडका आम्ही नेतच नाही, नुसता धूर होतो, आणि तो उचलणार कोण? आम्ही वाळक्या फाट्या नेतो डोक्यावरून. ट्रॅक्टर ठेकेदाराचा, बोलणी मात्र आम्हाला.

रानवेडा_दापोली: ताई, फाट्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आधीच लिहायला हवं होतं.

निवृत्त_वनपाल: ताईंचं बरोबर आहे, मांडीएवढं जाड नि कुजलेलं असेल त्याला बाजारात तरी कोण विचारतो, ट्रॅक्टर भरायचा म्हणून नेतात. ओढ्याकाठचं सोडा असं मार्किंगच्या वेळीच, म्हणजे न्यायच्या लाकडावर खुणा करतानाच, लेखी पाहिजे, गार्डला तोंडी सांगून काही होत नाही. आणि रानवेडे, ओंडक्याखाली हात घालायची सवय सोडा, कोकणात तिथे फुरसं, विषारी साप, पण असतं.